कवळी ठेवायची जागा

माणसाची प्रतिष्ठा त्याच्या वाणीत असते. हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं. लग्नात, मुंजीत, शोकसभेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत, जिथे जिथे त्यांच्या हाती माइक आला तिथे तिथे त्यांनी ते म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर श्रोत्यांकडे एकदा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहून घेतलं. वाक्यात चूक काढण्यासारखं काही नाही. त्यांच्या बाबतीत मात्र ही वाणी गुलाबी प्लास्टिकच्या दोन तुकड्यांवर उभी होती. एक टाळूला चिकटलेला, दुसरा खालच्या हिरडीवर बसवलेला. ते काढले की 'प्रतिष्ठा' हा शब्द त्यांना म्हणता येत नसे.

त्यांचं आणि माझं पटत नसे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून हळुवारपणाची अपेक्षा ठेवणार नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते, आणि पुस्तकांच्या सहवासात राहून बाई उद्धट होते असं त्यांचं मत होतं. ते मला 'आमच्या विदुषी' म्हणत. मी त्यांना मनातल्या मनात 'अध्यक्ष महाराज' म्हणत असे. उघडपणे बाबा.

कवळी कसबा पेठेतली. सासरे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि निरोपसमारंभात हलत्या दातांनी बोलायचं नाही असं ठरवून त्यांनी उरलेसुरले दात आधीच काढून टाकले होते. जवळच्या गल्लीत एक म्हातारे दंतवैद्य बसत. पाटीवर नुसता रंगवलेला जबडा. वर चेहरा नाही, हसू तर नाहीच. त्यांनी कवळी करून दिली आणि एकच नियम सांगितला: रात्री काढायची, धुवायची, पाण्यात ठेवायची. कसब्यात हा नियम पाळला जाई, कारण तिथे तो पाळायला जागा होती. भाड्याच्या खोल्यांच्या मागे गॅलरी, गॅलरीच्या टोकाला मोरी, मोरीच्या वर भिंतीत कोनाडा, कोनाड्यात कान तुटलेला एक कप. रात्री कवळी कपात, सकाळी तोंडात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सगळं घर दाखवलं गेलं आणि हा कप तेवढा टाळायला सांगितला गेला. "त्या कोनाड्याकडे तुझं काही काम नाही," आत्या म्हणाल्या.

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून भावाकडे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरातलं सोवळंओवळं आत्यांच्या अखत्यारीत होतं. उष्टं आणि खरकटं यांतला फरक त्या एखाद्या निष्णात वकिलासारखा समजावून सांगत, आणि त्यांच्या निकालावर अपील नसे. कवळीचा निकाल कधीच लागलेला होता. तोंडात गेलेली वस्तू उष्टी, मग ती चमचा असो की दात. उष्ट्याची जागा मोरीत.

मग देशाने दारं उघडली. त्या दारांतून जे काय आत आलं त्यात माझ्या नवऱ्याची कॉम्प्युटरमधली नोकरी होती. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो, आणि सकाळी न्यायला कंपनीची बस. कसब्यातल्या घरमालकांनाही त्याच सुमारास जागा बिल्डरला द्यावीशी वाटली. कंपनी हडपसरला, म्हणजे शहराच्या एका टोकाला. तेव्हा पुण्याच्या रीतीप्रमाणे आम्ही दुसऱ्या टोकाला, धायरीला, फ्लॅट घेतला. धायरी तेव्हा गाव होतं की उपनगर हे धायरीलाही नक्की ठाऊक नव्हतं. इमारतीच्या मागे ज्वारी होती, पुढच्या कमानीवर प्लास्टरचे दोन सिंह होते, आणि पाणी टँकरने येत असे.

सामान लावण्याआधी नवऱ्याने वास्तुतज्ज्ञ बोलावला. शिकलेल्या माणसाला होकायंत्र धरलेल्या माणसाचा फार धाक वाटतो. तज्ज्ञाने सगळ्या खोल्यांतून होकायंत्र फिरवलं आणि देव्हारा ईशान्येलाच हवा असं सांगितलं. ईशान्येला सासऱ्यांची झोपायची खोली आली होती. देव तिथे गेले.

टीव्हीला जागा मिळाली, फ्रिजला मिळाली, कंपनीने नवऱ्याला दिलेल्या काचेच्या पिरॅमिडला शोकेसमध्ये जागा मिळाली. संध्याकाळी सासरे कान तुटलेला कप हातात घेऊन घरभर फिरताना दिसले.

"अक्का, हा कुठे ठेवू?" बहिणीला ते अक्का म्हणत.

"माझ्या ओट्याजवळ नको."

"बेसिनवर?"

"ठेव. दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल."

बेसिन पॅसेजमध्ये होतं आणि हॉलमधल्या सोफ्यावरून सरळ दिसत होतं. ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही. न्हाणीघरात कमोड. "जी वस्तू तोंडात जायची ती संडासात ठेवतोस?" आत्या म्हणाल्या, आणि या एका मुद्द्यावर मीही त्यांच्या बाजूची होते. त्यांच्या स्वतःच्या खोलीत देव. मागे ड्राय बाल्कनी नावाची चिंचोळी जागा, तिथे आत्यांचं सोवळ्याचं लुगडं वाळत असे. आमच्या खोलीत ठेवा, असं माझा नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

थोडक्यात, आर्किटेक्ट, वास्तुतज्ज्ञ आणि आत्या यांनी मिळून असं घर तयार केलं होतं की कवळी ठेवायला त्यात एकच निर्विवाद जागा उरली: सासऱ्यांचं तोंड. त्या रात्रीपासून ती तिथेच राहिली. आत्यांची हरकत नव्हती. जे दिसत नाही ते उष्टं नाही. कप मी कचऱ्यात टाकला.

पुढची काही वर्षं सासऱ्यांची भरभराटीची गेली. सोसायटीत निवृत्त माणसं पुष्कळ होती. त्यांची मुलं दिवसभर हडपसरला किंवा रात्रभर अमेरिकेच्या वेळेवर. म्हाताऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक संघ काढला. सासरे अध्यक्ष झाले. संघाकडे वेळ होता आणि स्वतःचा माइक होता. हे दोन्ही एकत्र आलं की काय होतं ते मी दर महिन्याला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ऐकलं आहे.

तिखटाचं भांडण केव्हा सुरू झालं ते नक्की सांगता येणार नाही. आधी आमटी तिखट लागायला लागली. मी मिरची कमी केली. मग भाजी तिखट झाली. मी मिरची काढूनच टाकली. मग ते म्हणाले मिरं घातलंय. मिरं नव्हतंच. पहिल्या घासाला ते डोळे मिटून घेत, पाणी पीत आणि ताट सरकवत. भाकरी सुटली, मग पोळी दुधात बुडायला लागली. घरी कुणी आलं की माझ्यादेखत सांगत, "आमच्याकडे फोडणीत द्वेष घालायची पद्धत आहे." येणारा हसे. मी चहा ठेवायला आत जात असे आणि त्यात खरोखर काहीतरी घालावं असा विचार करत असे.

त्यांचे ओठ कोपऱ्यांत फाटले होते. तिथे ते तूप लावत. टाळूला आग होते म्हणून लवंगेचं तेल लावत, मग आग वाढे, आणि वाढलेल्या आगीचा दोष दुपारच्या आमटीवर येई. कवळी ते बाहेर न ठेवता, न्हाणीघराचं दार लावून, नळाखाली झटपट घासत आणि परत तोंडात टाकत. घासायला काळी, खरखरीत दंतमंजन पावडर. दातांसाठी पावडर असते, हेही दातच आहेत, हा त्यांचा तर्क. त्यात कवळी सैलही झाली होती. भाषण करताना प्रत्येक जोरदार वाक्याच्या शेवटी टक् असा आवाज येई. श्रोते त्याला ठामपणा समजत.

शेवटी एका रविवारी त्यांनी माझी तक्रार मुलाकडे रीतसर मांडली.

"तुझी बायको मला उपाशी मारतेय."

"बाबा, आपण शांतपणे बसू. एकेक इश्यू घेऊ." नवरा नुकताच टीम लीडर झाला होता आणि घरातल्या भांडणांनाही इश्यू म्हणत असे.

मी स्वयंपाकघरातून आमटीची वाटी आणली आणि त्यांच्यासमोर नवऱ्याच्या हातात दिली. "पी."

त्याने प्यायली. "तिखट... नाहीये. म्हणजे, यात काहीच नाहीये."

"अहो आत्या, तुम्हाला कशी लागते?"

"आजाऱ्याची आमटी आहे," आत्या आतून म्हणाल्या. "मी महिनाभर वरून ठेचा घेतेय."

"आमटीत तिखट नाही," मी म्हणाले. "म्हणजे ते तोंडात आहे. बाबा, तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा. बघू द्या."

"सुनेने सासऱ्याला तोंड उघड म्हणायचं! हे दिवस आले."

"बंद करा असं म्हणायचं कित्येक वर्षं मनात आहे. आज उघडा म्हणतेय. संधी घ्या."

त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुधात बुडवलेली पोळीही गिळता येईना, तेव्हा शर्ट घालून स्वतःच दाराशी येऊन उभे राहिले. नवरा बसमध्ये होता. रजा मला टाकावी लागली.

सिंहगड रस्त्यावर नवा दवाखाना झाला होता. काचेचं दार, भिंतीवर परदेशी माणसांचे हसरे फोटो, रोग्याला झोपल्या झोपल्या दिसावा म्हणून छताला टीव्ही, त्यात धबधबा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, फर्स्ट टाइम?" सासरे म्हणाले, "मी कुणाचा अंकल नाही." डॉक्टर त्यांच्या नातीच्या वयाची होती.

"डेंचर काढा, अंकल."

सासऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही बाहेर जाईल."

"मी रजा टाकलीय," मी म्हणाले. "मी इथेच बसणार."

ते भिंतीकडे वळले. चिकटलेलं काहीतरी सुटावं तसा आवाज झाला, आणि मग वास आला. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना बिनदातांचं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा आत कोसळला होता. नाक आणि हनुवटी एकमेकांच्या भेटीला निघाली होती. डॉक्टरने दिवा पाडला. टाळूवर कवळीचा आकार जसाच्या तसा उमटला होता, लालभडक, काठाशी अगदी सरळ रेघ. हेडक्लार्कच्या तोंडात कुणी शिक्का मारून ठेवावा तसा. खाली डाव्या बाजूला, कवळीची कड जिथे घासत होती तिथे, मांसाची घडी झाली होती आणि घडीच्या तळाशी एक पांढुरकी जखम होती.

"रात्री काढून ठेवता ना?"

सासरे टीव्हीतला धबधबा पाहत राहिले.

"किती दिवस काढली नाहीये?"

"घर बदललं तेव्हापासून," मी म्हणाले. "काही वर्षं झाली."

"वर्षं? पण का?"

"ठेवायला जागा नाही."

"टू बीएचके नाहीये का?"

"आहे."

तिने प्रश्न पुढे नेला नाही. सांगितलं ते असं: सतत झाकलेल्या, ओलसर टाळूवर बुरशी धरली आहे. खरखरीत पावडरीने कवळीला चरे पडलेत, त्यांतही बुरशी बसली आहे. दात काढल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, कवळी झिजत नाही; म्हणून ती सैल होते आणि घासते. मग तिने विचारलं, "सुपारी खाता?"

"जेवणानंतर," सासरे म्हणाले. "पाचक म्हणून." हे बिनदातांनी म्हटल्यामुळे तिला दोनदा विचारावं लागलं.

तिने तोंडावरचा मास्क खाली केला. डॉक्टर मास्क खाली करतात तेव्हा पुढचं वाक्य ऐकायला बसून राहावं लागतं. "दोन आठवडे कवळी बंद. पूर्ण बंद, जेवतानाही नाही. औषधाचे थेंब देते, लाली जाईल. ही जखम कवळीने झाली असेल तर तेवढ्यात भरायला हवी. नाही भरली तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

"कशासाठी?" मी विचारलं.

"कॅन्सर नाही ना, एवढं बघायला. सुपारी आहे ना, म्हणून."

निघताना काउंटरवरच्या मुलीने माझ्या हातात एक गुळगुळीत पत्रक दिलं. हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात. "लाइफटाइम गॅरंटी, मॅडम."

"कुणाच्या लाइफची?" मी विचारलं. तिने दुसऱ्या अंकलना हाक मारली.

जिना उतरताना सासऱ्यांनी माझी बाही ओढली आणि काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. ते विचारत होते, दोन आठवडे म्हणजे समारंभाच्या आधी की नंतर.

समारंभ म्हणजे त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार. ज्येष्ठ नागरिक संघ तो करणार होता आणि तो त्या दोन आठवड्यांच्या मधोमध येत होता. ज्या भाषणासाठी बाकीची सगळी भाषणं हा सराव होता, ते हे भाषण.

घरी आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बुरशी? लोणच्यावर येते तशी?"

"तशीच."

"मीठ कमी पडलं असणार."

डॉक्टरने कवळीसाठी झाकणाची प्लास्टिकची डबी दिली होती. आत्यांनी ती लांबूनच पाहिली. "डबी बंद केली म्हणून आतलं उष्टं निवळत नाही." पुन्हा तीच प्रदक्षिणा झाली: ओटा, बेसिन, बाल्कनी, देव. शेवटी मी डबी उचलली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. पर्सला सोवळं नसतं, आणि तिच्यात काय असतं हे आत्यांना कधीच जाणून घ्यायचं नव्हतं. डबीत पाणी होतं, त्यामुळे पर्स सरळ धरावी लागे. त्या दिवसांत मी सासऱ्यांची वाणी खांद्याला अडकवून बसने कॉलेजात जात होते आणि संध्याकाळी परत आणत होते.

घर शांत झालं. इतकं शांत की आत्या मधूनच बाहेर येऊन "कुणी गेलंय का?" असं विचारत. सासरे खोलीतून बाहेर येत नसत. खिमट, पातळ भात, दूध. तिखटाबद्दल एक शब्द नाही. बेल वाजली की दार लावून घेत. संघाचे सचिव आले तेव्हा नवऱ्याने परस्पर सांगितलं की बाबांचा घसा बसलाय. सचिव नागपूरकडचे, कारखान्यातून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. "बसू द्या, बसू द्या. आरामच करू द्या त्यांना. शाल आली, श्रीफळ आलं, सन्मानचिन्ह बनून राहिलं. सत्काराच्या उत्तराला पंधरा मिनिटं ठेवली आपण. ते अर्धा तास घेतील म्हणा, आपल्याला माहीत आहे."

जखम रोज पाहायचं काम माझ्याकडे आलं. त्यांना आरशात ती दिसत नव्हती, नवरा घरी येई तेव्हा ते झोपलेले असत, आणि आत्यांनी कुणाच्या तोंडात पाहणं शक्य नव्हतं. संध्याकाळी मी आले की ते टॉर्च घेऊन खुर्चीवर बसलेले असत. मी पाहत असे. टाळू फिका पडत चालला होता. जखम होती तेवढीच.

"भरतेय?"

"कालच्याएवढीच आहे."

एकदा मी टॉर्च बंद केल्यावर ते काही म्हणाले. मला कळलं नाही. पुन्हा म्हणाले, पुन्हा कळलं नाही. तिसऱ्या वेळेला त्यांनी एकेक अक्षर सुटं केलं. कॅन्शर अशेल का, असं ते विचारत होते.

"माहीत नाही," मी म्हणाले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. दुसरं कुणी असतं तर नाही हो बाबा, असं म्हणालं असतं. मला ते म्हणता येत नाही. "असला तर त्याच्यावरही भाषण कराल," मी म्हणाले.

त्यांनी तोंड मिटलं. मिटायला फारसं काही नव्हतं. टॉर्च त्यांच्या हातात होती आणि ती हलत होती. मी काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून ती मीच धरायला लागले, कारण हलत्या उजेडात मला नीट दिसत नसे.

समारंभाच्या संध्याकाळी ते तयार होऊन हॉलमध्ये आले. रेशमी कुडता, जाकीट, टोपी. खाली पार्किंगमध्ये माइकवर हॅलो हॅलो चाललं होतं. त्यांनी माझ्यापुढे हात केला. शब्दाची गरज नव्हती.

"दे ना," नवरा म्हणाला. "दोन तासांचा तर प्रश्न आहे. बारा तेरा दिवस फॉलो केलं, एक दिवस इकडे तिकडे."

"एक आठवडा झालाय," मी म्हणाले. "आणि कालपासून जखमेची कड आत यायला लागलीय. आज घातली की पुन्हा घासणार." मी पर्समधून डबी काढली आणि टीपॉयवर त्यांच्यासमोर ठेवली. "घ्या. तोंड तुमचं आहे. फक्त तुकडा काढायला तुम्हाला मलाच न्यावं लागणार, तेव्हा रजा कुठल्या तारखेची टाकायची ते आत्ताच सांगून ठेवा."

"पाहिलंस?" ते नवऱ्याला म्हणाले. हे मात्र स्पष्ट कळलं. मग त्यांनी डबी उघडली. कवळी पाण्यात होती, नेहमीसारखी हसत. त्यांनी ती उचलली. पाणी टीपॉयवर ठिबकलं.

आत्या दारात उभ्या होत्या. नवीन लुगडं, हातात ओवाळणीचं तबक. उष्ट्या पाण्याचे थेंब टीपॉयवर पडलेले त्यांनी पाहिले, आणि आता फर्मान सुटणार असं मला वाटलं.

"तुझ्या बारशाला सगळी आळी जेवून गेली," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुठे दात होते तुला? कुणी हरकत घेतली नाही. ठेव ते, आणि पाटावर बस. दिवे विझतील."

पंचाहत्तर वर्षांच्या अध्यक्षांनी कवळी डबीत ठेवली, झाकण लावलं, आणि पाटावर बसले.

खाली अडीचशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि निम्म्या भरल्या होत्या. सचिव बोलले, प्रमुख पाहुणे बोलले, प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देणारे सगळ्यांत जास्त बोलले. शाल, श्रीफळ. सन्मानचिन्ह म्हणजे दोन कानांचा उंच चकचकीत करंडक निघाला, झाकणासकट, आणि झाकणावर बॅट उगारलेला फलंदाज. सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेचे करंडक करणाऱ्याकडूनच तो आणला होता. दर्शनी बाजूला चिकटवलेल्या सोनेरी कागदावर 'अमृतमहोत्सवी सत्कार' असं छापलं होतं.

मग सत्काराचं उत्तर. सासरे उठले, माइकपाशी गेले, श्रोत्यांकडे डावीकडून उजवीकडे सावकाश पाहिलं, हात जोडले, आणि परत येऊन बसले.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बाबांना गहिवरून आलं!" सचिव माइकमध्ये ओरडले. "शब्द फुटून नाही राहिले!" टाळ्या पडल्या, खूप वेळ पडल्या. जेवणं वेळेवर सुरू झाली, हे त्या संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. अनेकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा इतकं सुंदर यापूर्वी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं. सासऱ्यांनी दोन गुलाबजाम खाल्ले आणि टोपी पुढे ओढून बसून राहिले.

दोन आठवडे पुरे झाले तेव्हा डॉक्टरने दिवा पाडून पुष्कळ वेळ पाहिलं. बोटाने दाबून पाहिलं. सासऱ्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. जखम भरली होती. तुकडा काढायची गरज नव्हती. मांसाची घडी राहिली होती, तीही बसेल असं ती म्हणाली. सुपारी बंद. नवी कवळी करायची, मऊ ब्रशने आणि साबणाने धुवायची, आणि रात्री काढून साध्या पाण्यात. "आणि अंकल, प्लीज, जागा शोधा."

नवी कवळी आली त्या दिवशी दुपारच्या जेवणात ते म्हणाले, "आमटी अगदीच बेचव आहे. विदुषींनी मिरची घालायचं सोडलंय वाटतं." मी त्यांच्यापुढे ठेच्याची वाटी सरकवली. त्यांनी त्यातला जवळजवळ सगळा खाल्ला.

रात्री ते डबी हातात घेऊन पुन्हा आत्यांपुढे उभे राहिले. माझ्या पर्सचा प्रश्नच नव्हता; मी ती आत नेऊन कपाटात ठेवली होती. आत्यांनी घरभर नजर फिरवली. ओटा नाही, बेसिन नाही, देव नाहीत. नजर शोकेसवर गेली आणि थांबली.

"तो करंडक आण."

सासऱ्यांनी आणला.

"यात कुणी जेवलंय?"

"नाही."

"जेवणार आहे?"

"नाही."

"देवाचा नाही, मोरीचा नाही," आत्या म्हणाल्या. "ते भांडंच नव्हे. त्यात ठेव."

तेव्हापासून कवळी रात्री करंडकात असते. वर झाकण, झाकणावर फलंदाज. पाहुणे आले की सासरे त्यांना तो शोकेसमध्ये दाखवतात आणि प्रतिष्ठा वाणीत असते हे सांगतात. उघडून मात्र दाखवत नाहीत. आतलं पाणी रोज बदलावं लागतं, त्यामुळे ओल लागून दर्शनी बाजूचा सोनेरी कागद एका कडेने सुटला आहे. त्या कागदाखाली 'उपविजेता' असं कोरलेलं आहे.